दोन कॅरेट आणि एक आजी

लातूर,
दि. ४ डिसेंबर २०२५

ती. अण्णा व ती. आई यांस,
शिल्पाचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, आम्ही सगळे खुशाल आहोत. अण्णा, परवा फोनवर पंधरा मिनिटं मी तुम्हाला गाडीचं सांगितलं. तुम्ही प्रत्येक वाक्याला हाव, हाव म्हणालात आणि शेवटी विचारलंत, की मग काय म्हणून राहिलीस? तेव्हाच ठरवलं, तुमच्या कानातलं मशीन दुरुस्त होऊन येईपर्यंत कामाचं सगळं कागदावर.

तर गाडी. आमच्या छोट्या गाडीत मागं आता लेकरांच्या दोन सीटा पक्क्या बांधल्या आहेत. शिवमची सरळ आणि कृष्णाईची उलटी. ती दहा महिन्यांची आहे म्हणून तिचं तोंड मागच्या काचेकडं असावं लागतं. दोन्हींच्या मधे पिशवीपुरती जागा उरते. कृष्णाई मात्र गाडी सुरू झाली की रडते. तिला मी दिसत नाही, बाप दिसत नाही, नुसती काच दिसते.

शिवमला तिसरं वर्ष चालू आहे आणि माघात माहूरला त्याचं जावळ काढायचं आहे. तुम्ही दोघं आणि आम्ही चौघं एकाच गाडीतून जावं अशी माझी फार इच्छा आहे. म्हणून हरिओमनं सात जणांची मोठी गाडी घ्यायचं ठरवलंय. लातुरात आम्ही दोन्ही सीटा खांद्यावर घेऊन शोरूम हिंडलो. एका गाडीत सीट बसली तर पट्टा पुरेना. दुसरीत उलटी सीट बसली, पण पुढची सीट इतकी सरकवावी लागली की हरिओमचे गुडघे स्टेअरिंगला टेकले. आम्हाला आवडलेली गाडी नांदेडला बघायला ठेवली आहे म्हणे. तुम्ही मंगळवारी नांदेडला जाणारच आहात, तर बघून याल का? आमच्या सीटा अठरा इंच रुंद आहेत. आईलाही न्या.

उत्तराची वाट बघते. मशीन आलं तरी पत्र लिहाच.

तुमची,
शिल्पा

अर्धापूर,
दि. १२ डिसेंबर २०२५

चि. सौ. शिल्पा हीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. लेकराला उलटं बसवून न्यायचा हा दस्तूर कुठून आणलास, ते काही कळलं नाही. तू सहा महिन्यांची असताना मुदखेडहून जीपनं आली होतीस. जीपमध्ये चौदा माणसं आणि दोन शेळ्या होत्या, आणि तू आईच्या मांडीवर झोपून होतीस. आज बँकेत साहेब आहेस. मांडीनं काही बिघडवलं असं मला तरी दिसत नाही. पण लातूरच्या शहाण्यांपुढं आम्ही काय बोलावं.

तरी तुझं काम केलं. अठरा इंचांची सीट कुठून आणायची म्हणून डोकं चालवलं. आपलं केळी भरायचं प्लॅस्टिकचं कॅरेट अरुंद बाजूनं सोळा इंच भरतं. दोन्ही अंगाला फोमच्या पट्ट्या लावल्या की अठरा. अशी दोन कॅरेट टेम्पोत टाकली आणि नासिरला दुकानातून उचललं. माझा शाळेपासूनचा दोस्त, गाड्यांचे सीट कव्हर शिवतो, त्यामुळं मापाचा पक्का. शोरूममधल्या बाई आधी हसल्या, मग त्यांनीच दुसरं कॅरेट धरलं.

पांढरी गाडी आहे. मधली सीट एकच, लांबलचक. तिच्यावर दोन्ही कॅरेट बसून मधे वीतभर जागा उरली. मागं आणखी दोन माणसांची सीट आहे, तिथं आम्ही म्हातारा-म्हातारी बसू. हीच ठेवा, असा शब्द देऊन आलोय. जावईबापूंनी येऊन फक्त सही करायची.

तुझी आई येताना एक अक्षर बोलली नाही. रंग आवडला नसावा. तिला लाल पाहिजे असेल.

लेकरांना पापा. हरिओमरावांना नमस्कार सांग.

तुझा,
अण्णा

अर्धापूर,
दि. १४ डिसेंबर २०२५

चि. सौ. शिल्पास,
आईचे अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर बघून हसू नको, सातवीनंतर मी लिहिलंय ते फक्त डब्यांवरचं. फोनवर बोलले असते, पण तुझे अण्णा फोन मोठ्या आवाजावर ठेवतात आणि अर्ध्या गल्लीला आपलं घरचं कळतं.

रंगाचं काही नाही ग. मला त्या मागच्या सीटवर जाताच येईना. मागं जायला मधली सीट दुमडावी लागते. तिच्यावर अण्णांचे कॅरेट ठेवलेले. ते उचलल्याशिवाय सीट दुमडंना. बाई म्हणाल्या, सीटा बांधलेल्या असल्या की असंच होतं, मग डिकीतून चढावं लागतं. अण्णा नासिरभाईंशी माप घेण्यात गुंग. मी डिकीतून चढायला गेले तर गुडघा वाकंना आणि साडी अडकली. दोन गिऱ्हाईकं बघून राहिली होती. मी हसून खाली उतरले, पण लई वाईट वाटलं.

तुझ्या बापानं कॅरेट मोजले, मला मोजलं नाही.

दुसरं सांगते, रागवू नको. मला वाटलं होतं, माहूरपर्यंत एक लेकरू तरी माझ्या मांडीवर असंल. वर्षातून चार वेळा दिसतात ती. आता दोघंही पट्ट्यात बांधलेले, आणि मी डिकीत. मग आजी कशाला पाहिजे? म्हणून मी ठरवलंय, मी येत नाही. केळीची उतरणी आहे असं सांगंन. तुम्ही आनंदानं जावळ काढून या, मी देवीला इथूनच हात जोडीन.

यातलं अण्णांना काही सांगू नको. शिवमला आवडतात ते शेंगदाण्याचे लाडू पाठवतेय. कृष्णाईला सर्दी होती, गेली का?

तुझी आई,
सिंधु

लातूर,
दि. २० डिसेंबर २०२५

ती. अण्णा यांस,
शि. सा. न. वि. वि.

कॅरेटची युक्ती वाचून हरिओम इतका हसला की चहा सांडला. ऑफिसात सगळ्यांना सांगून झालंय. पण अण्णा, ती पांढरी गाडी नको. आईनं तुम्हाला सांगू नको म्हणून सांगितलंय, म्हणूनच सांगते. कॅरेट मधे असताना तिला मागं जाता आलं नाही. ती डिकीतून चढायला गेली आणि गुडघ्यानं अडली. तुम्ही तेव्हा टेप धरून होतात. आता ती माहूरला येणारच नाही म्हणते. तिच्याशिवाय मी शिवमचं जावळ काढणार नाही, हे मी आजच सांगून ठेवते.

आणि मांडीचं. ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. दिवाळीच्या आधी औसा रोडवर अचानक ट्रॅक्टर आडवा आला आणि हरिओमनं करकचून ब्रेक मारला. शिवम पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर होता. मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, तरी तो सुटला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. मी आठ दिवस नीट जेवले नाही. माझ्या हातातून माझं लेकरू सुटलं.

अण्णा, तुम्ही केळीच्या दोन फण्यांमधे फोम घालता. साल काळी पडू नये म्हणून गाडी भरणाऱ्यांना ओरडता. दिल्लीला जाणाऱ्या केळीला कधी कुणाच्या मांडीवर बसवून पाठवलंत का? मग माझ्या लेकरांना का?

एक करा. आईला पुन्हा शोरूमला न्या. दोन्ही कॅरेट जागेवर असताना ती बाजूच्या दारातून, कुणाचा हात न धरता मागं जाऊन बसेल, तीच गाडी आपली. रंग कुठलाही चालेल.

रागावला असाल तर पत्रात रागवा, फोनवर नको.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
शिल्पा

अर्धापूर,
दि. २९ डिसेंबर २०२५

चि. सौ. शिल्पा हीस अ. उ. आ.

टेंगळाचं वाचलं आणि दिवसभर कशात मन लागलं नाही. एवढं मोठं बापापासून लपवलंस. मांडीचा विषय माझ्याकडून संपला. फोमचं जे लिहिलंस, ते गाडी भरणाऱ्या मलप्पाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मालक, बाईनं बरोबर पकडलं. माझ्याच घरात माझी बाजू घेणारं कुणी उरलं नाही.

तुझ्या आईला मी चुकलो म्हणालो. लग्नाला चाळीस वर्षं झाली, ही दुसरी वेळ. पहिली कुठली, असं तिनं लगेच विचारलं. मला आठवेना, त्यावरून पुन्हा बोलणी खाल्ली.

परवा तिला घेऊन गेलो. नासिरला सगळं सांगितलं तर तो माझ्यावरच घसरला. म्हणाला, "अण्णाराव, पन्नास वर्षं सीटा शिवून राहिलो. पहिले बसणारा माणूस बघतो, मग सीट." हे पंधरा दिवस आधी सांगायला त्याला काय झालं होतं, देव जाणे.

त्याच गाडीचा दुसरा प्रकार निघाला. त्यात मधे लांब सीट नाही, दोन वेगळ्या खुर्च्या आहेत आणि त्यांच्या मधून मागं जायला वाट आहे. दोन्ही खुर्च्यांवर कॅरेट ठेवले. तुझी आई पायरीवर चढली, पदर खोचला, आडवी होऊन मधून गेली आणि मागं जाऊन बसली. हात कुणाचा धरला नाही. मी पुढं केला होता, तिनं घेतला नाही. आतून म्हणाली, "आता मला मोजा."

पांढऱ्यात हा प्रकार नाही, चिकूच्या सालीचा रंग मिळेल. बाईंनी आधीचा शब्द मोकळा केला आणि जानेवारीअखेर गाडी देतो म्हणाल्या.

आई माहूरला येतेय. पण मन अजून खट्टू आहे. काल बसल्या बसल्या म्हणाली, मागं बसून मी काय डोंगर बघू? या प्रश्नाचं उत्तर माझ्या कॅरेटमध्ये नाही. तुला सुचलं तर बघ.

लेकरांना आशीर्वाद. आमच्यावरचा राग गेला असेल तर तसं कळव, नसेल तर लाडू बंद.

तुझा,
अण्णा

अर्धापूर,
दि. ११ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. शिल्पास,
आईचे अनेक आशीर्वाद. हरिओमरावांना व लेकरांनाही.

तुम्ही सुखरूप पोचल्याचा फोन आला. अण्णांचं मशीन आता असं चालतं की शेजारच्यांचं भांडणही ऐकू येतं. तरी मी पत्र लिहून राहिले, कारण हे मला बोलून सांगता आलं नसतं.

जावळ छान झालं. पंढरीच्या मांडीवर शिवम कसा शहाण्यासारखा बसला. तुझा भाऊ किनवटच्या आश्रमशाळेत शंभर पोरं सांभाळतो, पण भाच्याचे केस पडताना त्यानंच डोळे मिटून घेतले. बघितलंस ना?

पण मला जाताना काय झालं ते सांगायचंय. अर्धापूरहून निघालो तेव्हा तू माझ्या शेजारी बसून डुलक्या घेत होतीस. शिवम त्याच्या सीटवरून पुढं बसलेल्या आजोबांशी बोलत होता. कृष्णाईनं रडायला तोंड वाकडं केलं. मी जरा वाटेकडं झुकले आणि तिच्या सीटच्या कडेनं बघितलं, तर ती माझ्याकडंच बघत होती. मला आधी कळलंच नाही. मग ध्यानात आलं, तिचं तोंड मागं. गाडीत पाच माणसं, पण तिला दिसतं ते एकटं माझंच तोंड.

तिचं रडणं तिथंच राहिलं. मी भुवया उडवल्या, ती हसली. मी पदर तोंडावर घेऊन काढला, ती पाय झाडायला लागली. हदगाव आलं तरी आमचं चाललं होतं. शिल्पा, मांडीवर घेतलं की लेकराचं डोकं दिसतं ग, तोंड दिसत नाही. मी तुला जीपमधून आणलं, तेव्हा सगळ्या वाटेत मला तुझं टोपडंच दिसलं होतं.

चहाला थांबलो तेव्हा तू तिला सोडवलंस आणि ती तुझ्या अंगावरून माझ्याकडं झेपावली. तू लटकं रागावलीस. पुन्हा सीटवर ठेवताना तिनं कांगावा केला, पण मी मागं जाऊन बसले तशी गप्प झाली. आता उगीच कशाला लपवू, मला रडू आलं. तू घाट बघत होतीस म्हणून तुला दिसलं नाही.

तुझ्या अण्णांनी ते दोन कॅरेट बाजूला ठेवलेत, त्यात केळी भरू देत नाहीत. मलप्पा विचारतो, काय करायचं यांचं. मी म्हटलं, राहू दे, तुझ्या मालकांनी मला पहिल्यांदा मोजलं ते या कॅरेटांपायी.

आंबे उतरले की येतो. तोवर एक लक्षात ठेव. पुढं कुणी बसो, मधे कुणी बसो, मागची जागा माझी. कृष्णाई सरळ बसायला लागेपर्यंत ती दुसऱ्या कुणाला देऊ नको.

तुझी आई,
सिंधु