सोमारीचे कापलेले कडवे

मी, अंजनाबाई रामाजी निमगडे, वय ७१ वर्षे, धर्म बौद्ध, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार वरोरा, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहावे म्हणून मला कोणी धाक घातलेला नाही. धाक आहे, पण तो हे लिहू नये म्हणून आहे.

माझी भाची संघप्रिया चंद्रपूरला वकिली करते. ती म्हणाली, "मावशी, यात गोष्टी लिहायच्या नसतात. कोणाला काय, तेवढंच लिहायचं." मी तिचे ऐकले नाही. कोणाला काय दिले हे वाचून, ते का दिले हे कोणाला कळणार नाही.

१. वरोऱ्यातील माझे राहते घर, दोन खोल्या व अंगण, हे माझे स्वकष्टार्जित आहे. ते मी संघप्रियाला देते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. माझ्या पश्चात कोणी पेट्या फोडायला आले तर तिने त्यांना हा परिच्छेद दाखवावा. कलम ५ मधली मूळ टेप या घरात नाही. पुन्हा लिहिते, मूळ टेप या घरात नाही.

२. माझा पुतण्या राजदीप याला मी काहीही देत नाही. हे विसरून राहिलेले नाही, ठरवून केलेले आहे. त्याच्याजवळ माझ्या घराची एक किल्ली होती. मी कुलूप बदलले आहे. हल्ली घरासमोर जी पांढरी गाडी उभी राहते, तिच्यातल्या माणसाला माझ्या दारात त्यानेच आणले. "काकू, चांगला माणूस आहे, तुह्यं जुनं गाणं पुन्हा काढून राह्यला," असे तो म्हणाला. तो माणूस माझ्या पाया पडला. त्याने नाव सांगितले नाही. दुसऱ्या वेळी तो फळे घेऊन आला. तिसऱ्या वेळी म्हणाला, "बाई, तुमची दुपारची गोळी घ्यायची वेळ झाली." मी कोणती गोळी केव्हा घेते हे मी त्याला सांगितले नव्हते.

३. आता गाण्याबद्दल. हे कलम लांब आहे आणि ते कमी करू नये.

"कुठी उतरवलास" हे गाणे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. १९८९ च्या लग्नसराईत ते प्रत्येक मांडवात वाजले. नवरदेवाची गाडी आली की पोरी ड्रायव्हरला चिडवत म्हणायच्या,

कुठी उतरवलास रे गाडीवाल्या, कुठी उतरवलास?
भरली गाडी नेलास रे, रिकामी आनलास.

बँडवाल्यांनी त्याला ठेका दिला, लोक नाचले. मागच्या वर्षी कोणीतरी त्यावर नवा ठेका चढवला आणि ते आता फोनवर फिरत आहे. कॅसेटवर छापले होते, "गीत, संगीत, स्वर : अंजना." यातला फक्त आवाज माझा आहे. गीत आणि चाल सोमारी जंगू वेलादी हिची.

मी तेव्हा अहेरी तालुक्यातील जंगलातल्या एका उपकेंद्रात होते. सोमारी तिथलीच. तिचे बाळंतपण मी केले, मुलगी झाली. तिचा नवरा जंगू बांबू कापायला जायचा. ठेकेदाराच्या ट्रकमध्ये बांबूखाली सागवान जाते, हे त्याने चौकशीला आलेल्या एका साहेबाला दाखवून दिले. आठ दिवसांनी ट्रकचा ड्रायव्हर आला आणि म्हणाला, साहेबाने बोलावले आहे, बस. जंगू बसला. त्या ट्रकच्या मागच्या फळीवर लाल मोर काढलेला होता. तो ट्रक सगळा तालुका ओळखत असे.

सोमारी मोळीसाठी जंगलात गेली होती. तो ट्रक नाल्यापाशी थांबलेला तिने पाहिला. पुढे काय पाहिले ते तिने मला उपकेंद्राच्या ओसरीवर सांगितले. ती रडत नव्हती. म्हणाली, "ठान्यात सांगाले गेलतो बाई, कोणी लिवून घेतलं नाई. गाणं तं लोक ऐकतीन."

तिने ते गोंडीत बांधले होते. मला दोन वर्षांत जेवढी गोंडी आली होती तेवढ्यावर आम्ही दोघींनी मिळून मराठी केले. मी वरोऱ्याला नाटकात, जयंतीच्या कार्यक्रमांत गात असे. बापूराव कॅसेटवाल्याने त्याच्या घरी, खिडक्यांना गोधड्या लावून, ते माझ्या आवाजात रेकॉर्ड केले. पूर्ण केले, चारही कडव्यांसकट. कॅसेटी निघण्याआधी त्याच्या दुकानात एक जण येऊन बसला आणि त्याने गाणे ऐकायला मागितले. दुसऱ्या दिवशी बापूराव मला म्हणाला, "अंजनाबाई, शेवटचं कडवं काढू. नाई तं दुकान राह्यत नाई, अन् तूही राह्यत नाईस."

मी हो म्हणाले. हो म्हणायला मी फार वेळ घेतला नाही, हे इथे लिहून ठेवते.

सोमारीने ते गाणे अहेरीच्या बाजारात, कॅसेटच्या दुकानावर ऐकले. तशीच चालत उपकेंद्रात आली. "बाई, लोक नाचून राह्यले. अन् माह्यं शेवटचं कुठी गेलं?"

मी म्हणाले, टेप पुरली नाही.

तिने माझ्याकडे पाहिले. "मंग मीच म्हणतो," एवढेच म्हणाली आणि गेली. त्यानंतर तीन बाजार ती त्या दुकानासमोर उभी राहिली. गाणे संपले की ती चौथे कडवे आपल्या आवाजात म्हणायची. एकदा मी स्वतः पाहिले. तेलाच्या घाण्यापर्यंत माणसे उभी होती. एका बाईने आपल्या पोराला ओढून मागे घेतले. दुकानदाराने टेप बंद केली, तरी ती म्हणतच होती.

चौथ्या बाजाराला ती आली नाही. सकाळी मोहफुले वेचायला गेली होती. तिची टोपली नाल्याच्या पलीकडे सापडली. भरलेली होती, नीट सपाट दगडावर ठेवलेली. फूल एकही सांडले नव्हते. मी बदली मागून घेतली आणि पुन्हा कधी गायले नाही.

४. या गाण्यावर कागदोपत्री माझा जो काही हक्क दिसत असेल, तो सोमारीची नात करिश्मा तलांडी, राहणार अहेरी, हिला देते. तो मुळात तिच्या आजीचाच होता. यापुढे गाणे जिथे वाजेल तिथे सोमारीचे नाव आधी घ्यावे.

५. न कापलेली मूळ टेप बापूरावने मरण्याआधी माझ्या स्वाधीन केली. ती बँकेच्या लॉकरमध्ये आहे, तीही करिश्माची. पण टेप जुनी आहे, खराब होऊ शकते, आणि बाकी काय होऊ शकते ते मी लिहीत नाही. ठेकेदार आता नाही. त्याच्या मुलाने नाल्याजवळची ती जागा गिट्टीच्या खदानीसाठी घेतली आहे. खोदकाम सुरू व्हायचे आहे. म्हणून चौथे कडवे इथे उतरवते, सोमारीने म्हटले तसे, एक शब्द न बदलता :

लाल मोराची गाडी तुही नाल्यापाशी थांबली,
तीन मोहाच्या मधात माती नवी नवी दाबली.
म्या पाह्यलं रे गाडीवाल्या, म्या पाह्यलं डोळ्यानं,
फावडं तुह्या हातात होतं, धुतलास तू पाण्यानं.

यातले एक मोहाचे झाड वादळात पडले. दोन उभी आहेत. मागच्या महिन्यात करिश्मा जाऊन पाहून आली. तिच्यामागे दोन मोटरसायकली अहेरीपर्यंत आल्या.

६. माझी हार्मोनियम विहारात शिकायला येणाऱ्या मुलींना द्यावी. तिचा खालचा 'सा' बसला आहे, दुरुस्त करून घ्यावा. बँकेतील बचत करिश्माच्या शिक्षणासाठी वापरावी. माझ्या अंत्यविधीला वंदना व्हावी, भोंगा लावू नये, आणि ते गाणे वाजवू नये.

७. साक्षीदारांविषयी. शेजारचे निवृत्त शिक्षक लटारू भाऊ याची कच्ची प्रत वाचून चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "बाई, तेवढं काढ ना. मंग मी सही करतो."

"कोणतं?"

"मोराचं."

"तेच एकदा काढलं होतं, भाऊ."

ते उठून दारापर्यंत गेले. पांढरी गाडी समोर उभी होती. ती त्यांनी पाहिली, तिच्यातल्या माणसांनी त्यांना पाहिले. तसेच परत आले आणि कच्च्या प्रतीवरच सही केली. ती वाकडी आली, खालीही तशीच येईल. त्यावरून कोणी हरकत घेऊ नये.

८. हे मृत्युपत्र मी आजच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवीत आहे. संघप्रियाने मला नियम समजावून सांगितला आहे. मी जिवंत आहे तोवर याची नक्कल फक्त मला किंवा मी नेमलेल्या माणसाला मिळते. मी मेले की जो कोणी अर्ज करील, त्याला मिळते. वारस असण्याची गरज नाही, कारण सांगण्याचीही नाही. वर्तमानपत्रवाला मागू शकतो, अहेरीच्या बाजारात भाजी विकणारी बाईही मागू शकते. माझ्या तब्येतीची चौकशी करायला जे येतात, त्यांनाही एक नक्कल मिळेल.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : वरोरा
दिनांक : ७ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : अंजनाबाई रामाजी निमगडे (सही)

साक्षीदार :
१) लटारू इतवारी शेंडे, निवृत्त शिक्षक, वरोरा (सही)
२) डॉ. दिव्यानी रामटेके, वरोरा (सही)