लेफ्ट म्हणजे राहिलेलीसुद्धा

मी, अश्वजित केरबा सोनकांबळे, वय बहात्तर, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार रेणापूर, जिल्हा लातूर, माझ्या पश्चात काय व्हावे हे स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डॉ. संगमेश्वर यांनी खात्रीसाठी मला तारीख, वार आणि सतराचा पाढा विचारला. पाढ्यात ते स्वतः चुकले, मी नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक मुलगा प्रेम व सून मनिषा यांना समान मिळावी. अट एकच. मागच्या खोलीला कडीकुलूप लावू नये. मनिषाला तिथे गव्हाच्या कोठ्या ठेवायच्या आहेत, खुशाल ठेवाव्यात, पण दार उघडे असावे. कारण पुढे येईल.

२. माझी सायकल मेहुणे व्यंकट यांना देऊ नये. एकदा मागून नेली आणि चाक वाकडे करून आणली, वर म्हणाले, "जुनीच हाय की दाजी." सायकल गल्लीत कोणालाही द्यावी. व्यंकटला फक्त बघू द्यावी.

३. माझा इंग्रजी-मराठी शब्दकोश माझी जुनी विद्यार्थिनी शिवकन्या हिला द्यावा. ती आता किनवटला मुख्याध्यापिका आहे. त्यातले एकच पान मळलेले आहे, त्यावर 'लेफ्ट' हा शब्द आहे. अर्थ असे: डावा. सोडला. निघून गेला. वारसांसाठी मागे ठेवला, जसे मी हे घर ठेवतो आहे. आणि उरलेला, राहिलेला. गेला तोही लेफ्ट, राहिला तोही लेफ्ट. सातवीच्या वर्गाला मी 'निघून गेला' एवढाच अर्थ शिकवला. 'राहिलेला' परीक्षेला येत नव्हता.

४. हे कलम म्हणजे कबुली आहे. १९९१च्या पावसाळ्यात मी किनवट तालुक्यातल्या जंगलातल्या एका निवासी शाळेवर होतो. वसतिगृहात मुलींनी इंग्रजीतच बोलायचे, हा माझा नियम. मराठीत हाक आली तर मी ओ देत नसे. लई घमेंड होती मला त्याची. त्या दिवशी सकाळी ओढा चढू लागला. मी मॉनिटर महामाया हिला बजावले, माझ्या परवानगीशिवाय एकही मुलगी बाहेर जाता कामा नये. तेरा वर्षांची पोर, माझ्या हाताखालची सगळ्यांत हुशार. दुपारी ट्रॅक्टर आला. मुली ट्रॉलीत चढल्या. पाणी चाकाला लागले होते आणि ड्रायव्हर घाई करत होता. मी इंजिनापाशी उभा राहून ओरडलो, "एनीबडी लेफ्ट?" म्हणजे, कोणी राहिलंय का?

महामायाचा आवाज आला, "नो सर, नोबडी लेफ्ट."

मला वाटले, ती ट्रॉलीतून बोलते आहे. मी ड्रायव्हरला म्हणालो, चल. ती वसतिगृहाच्या मागच्या खोलीत पांघरुणं गोळा करत होती, मुली ट्रॉलीत चढल्याचे तिला ठाऊकच नव्हते. तिने ऐकले ते, कोणी निघून गेलंय का? तिने मी शिकवलेल्या अर्थाने, मी सकाळी दिलेल्या हुकमाचे उत्तर दिले. नाही सर, कोणीच गेलं नाही. संध्याकाळपर्यंत ती खोली ओढ्याने नेली. महामाया सापडली नाही.

मुख्याध्यापक संगप्पा, आता हयात नाहीत, मला म्हणाले, "प्रेतच न्हाई तर मयत कशी दाखवता? आदल्या दिवसाची तारीख टाका, लेफ्ट ल्हा अन् मोकळे व्हा." मी हजेरीपटात तिच्या नावापुढे 'लेफ्ट' लिहिले. लोक म्हणाले, पोरगी रेल्वेत बसून पळाली. तिची आई भामाबाई यांनी चौतीस वर्षे हे ऐकून घेतले. मी मनाची समजूत घातली की मी खोटे लिहिलेले नाही, लेफ्ट म्हणजे राहिलेलीसुद्धा. असा नीच आधार मी शोधला, आणि मला त्याची लाज वाटते.

५. पत्नी वारली, पाहुणे परतले, त्या दुपारी मी रिकाम्या घरात सवयीने स्वतःशीच इंग्रजीत बोललो, एनीबडी लेफ्ट? मागच्या खोलीतून उत्तर आले, "नो सर, नोबडी लेफ्ट." आवाज तेरा वर्षांचाच होता. त्यानंतर मोबाईलवरच्या ग्रुपमधून कोणी बाहेर पडले आणि तो शब्द उमटला, तरी ती बोलते. मी मोबाईल देऊन टाकला. तिला मराठीत विचारायची माझी छाती झाली नाही. म्हणून माझे प्रेत हलवण्याआधी कोणीतरी त्या दारात उभे राहून साध्या मराठीत विचारावे, आत कोणी राहिलंय का? उत्तर काहीही येवो, आत जाऊन पाहावे.

६. तो हजेरीपट पेटीत आहे. मी गेल्यावर शिवकन्याने तो भामाबाईंकडे न्यावा आणि चौथे कलम वाचून दाखवावे. मी तीनदा किनवटपर्यंत गेलो आणि स्टेशनावरूनच परत आलो.

पुरवणी, त्याच दिवशी, माझ्या हातची:

वरील मजकूर दोघा साक्षीदारांना वाचून दाखवला, प्रेम व मनिषा घरी नव्हते. पाचवे कलम ऐकताच शेजारच्या कावेरीबाई उठल्या. "मरायची कशाला वाट बघता गुर्जी," म्हणाल्या आणि मागच्या दारात जाऊन त्यांनी विचारले, "आत कोन ऱ्हायलंय का गं बाई?"

आतून उत्तर आले, "हाव, मी हाय."

एवढेच विचारायचे होते. कलम सहा रद्द समजावे. ते काम मी शिवकन्यावर टाकत नाही. हजेरीपट पिशवीत घातला आहे आणि सकाळी मी स्वतः भामाबाईंच्या दारात जातो आहे.

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की गुरुजींनी आमच्यासमक्ष सही केली, ते शुद्धीवर होते, आणि त्या वेळी घरात आम्ही चौघे हजर होतो.

सही: अश्वजित केरबा सोनकांबळे
साक्षीदार: डॉ. संगमेश्वर वीरभद्र स्वामी
साक्षीदार: कावेरीबाई दगडोबा माने, डाव्या हाताचा अंगठा

रेणापूर, १७ ऑगस्ट २०२५