सुताराने मोठी केलेली भोकं

प्रिय आई,

तुझ्या पायांवर इथूनच डोकं ठेवते. मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही जवळजवळ गेलाय. बाबांचा गुडघा कसा आहे?

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारला. चिमणीला मी आकारांची पेटी पाठवली ती गोल ठोकळा गोल भोकात, चौकोनी चौकोनी भोकात टाकायला. चौकोन जाईना म्हणून पोरगी रडली, आणि तू चक्क सुताराकडून सगळी भोकं मोठी करून घेतलीस! आता कुठलाही ठोकळा कुठूनही आत पडतो म्हणतेस. अगं, मग डोळ्यांनी बघून हात वळवायला ती शिकणार कशी?

रागावले नाही. म्हणजे दोन दिवस रागावले होते.

इथल्या पाळणाघरात मी हेच शिकवते. मूल अडलं की आपण हात पाठीमागे धरून बसायचं, असा नियम आहे. ठोकळा जरासा फिरवला की जाणार असतो, पण फिरवायचा मुलानेच. मोठ्या बाई म्हणतात, तुझ्याइतकं शांत कुणाला बसवत नाही. त्यांना काय सांगू? माझी लेक चिमणी तिकडे तुझ्यापाशी उभी राहिली, पडली, चालायला लागली, तेव्हाही माझे हात असेच होते.

ती रडताना डोळे कुठल्या हाताने पुसते गं? मला आठवेना.

पेटी राहू दे तशीच. तिचा पंजा कागदावर ठेव, भोवती पेन्सिलीने रेघ काढ आणि तो कागद पाठव. माझ्या मुठीत अजून मावतो का, बघते.

तुझी,
थोरली