सात, पण एकक काय?

४ मार्च, मंगळवार

आले! भाऊजींचं ऑफिस बंद पडलं, निघताना दोन लॅपटॉप मिळाले – एक राखाडी, एक काळा. राखाडीवर स्टिकर आय-सेव्हनचा, काळ्यावर आय-थ्रीचा. जाऊबाईंनी झडपच घातली. "सात म्हणजे सातच! तीन तुला घे."

मी वरवर तोंड पाडलं. मनात लाडू फुटत होते! कारण प्रोसेसरचा पूर्ण नंबर मी आधीच चोरून पाहिला होता. डॅशच्या पुढे बघायचं असतं. राखाडीचा ४६००, म्हणजे चौथी पिढी – म्हातारा. काळ्याचा १२१५, म्हणजे बारावी. असला तीन तसल्या साताला कुठल्याकुठे मागे टाकतो. सोमवारी माझी नोकरीची परीक्षा आहे, घरूनच – अख्ख्या इमारतीचा नकाशा काढायचा. माझा जुना लॅपटॉप एक खिडकी काढली तरी झोपतो. काळा मिळाला नाही तर नोकरी गेलीच म्हणायची.

५ मार्च

जाऊबाईंचं मन बदलू नये म्हणून जेवताना राखाडीचं कौतुक केलं. काय मजबूत, काय वजनदार! जरा जास्तच झालं. सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, घास खाली ठेवला. त्यांचा जन्म गेला वजनमापे खात्यात, दुकानदारांचे काटे तपासण्यात. ते निवृत्त झाले, खातं त्यांच्यातून झालं नाही.

"दुकानदार ज्या काट्याची तारीफ करतो, तो काटा आधी तपासावा." मग जाऊबाईंकडे वळून – "सात म्हणतेस. सात काय? एकक काय?"

जाऊबाई स्टिकरच दाखवायला उठल्या.

६ मार्च

दोन्ही लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या काट्यावर. राखाडी जास्त भरला. आमचे हे म्हणाले, "शेवटी दोन्ही लॅपटॉपच ना?" ह्यांच्याकडून काही होणे नाही.

८ मार्च, शनिवार

चाचणी झाली! टेबल सपाट आहे का, हे आण्णांनी पाण्याची वाटी ठेवून बघितलं. पंखा बंद. "वाऱ्यानं काटा हलतो." कुठला काटा? विचारायची छाती कुणाची! माझाच मोठा नकाशा दोन्हीवर एकदम उघडायचा होता. भाऊजींनी शिट्टी वाजवली. काळ्यानं उघडलासुद्धा. राखाडी घरघरत तापत राहिला. आमचा चहा झाला, कप विसळून झाले, तेव्हा कुठे नकाशा दिसला. जाऊबाई आपल्या ओरडतायत, "चल रे साता!"

निकाल – राखाडी खोटं माप, जप्त! मी आनंदानं काळ्याला हात घातला.

"थांब! हा खरा ठरला. म्हणजे हा प्रमाण माप. प्रमाण माप रोजच्या वापरात आणायचं नसतं, झिजतं. बाकीचे लॅपटॉप ह्याच्याशी ताडून बघायचे."

दोन्ही कपाटात गेले! कड्यांतून तार, तारेला शिशाचं सील. करायला गेले काय आणि झालं काय!

९ मार्च

रडले. विनवण्या केल्या. "आण्णा, उद्या परीक्षा आहे हो!"

"रीतसर अर्ज कर. विचार होईल."

ह्यांचा सल्ला – "कागदावर काढ ना नकाशा."

१० मार्च, सोमवार

सकाळी आण्णा फिरायला गेले. खोलीत आले तर टेबलावर काळा, चालू केलेला! बाजूला जाऊबाई, हातात पक्कड.

"बघतेस काय? चौथी पिढी मला खोक्यातून काढतानाच कळली होती. तुझी परीक्षा, म्हणून सात-सात करत तो डबडा गळ्यात घेत होते. तूच कौतुक करून घोळ घातलास! बस आता."

मी मेली स्वतःलाच शहाणी समजत होते.

नकाशा पुरा होत आला तेव्हा बाहेरून आण्णांचा आवाज – "सील कुणी तोडलं?"

"मी," जाऊबाई म्हणाल्या. "मला सातच हवा होता."