मोठ्या पोस्टाचा शिक्का

४ जून

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून घाबरले. शाळेच्या गणवेशांची गर्दी आहे, मान वर करायला फुरसत नाही, व्यायाम कधी करू, म्हणतोस. अरे, बाबाही हेच म्हणायचे! एक्कावन्न वर्षं चार महिन्यांचे होते. तुझ्या त्याच दुकानात, त्याच मशीनवर बसल्याबसल्या गेले. १९ सप्टेंबरला तू तेवढाच होशील. कॅलेंडरवर खूण केलीय आणि तेव्हापासून घशाखाली घास उतरत नाही.

म्हणून ऐक. वेगळा वेळ काढूच नकोस. जेवण झालं की मला दोन ओळींचं कार्ड लिही आणि मोठ्या पोस्टात स्वतः टाकून ये. जाऊन येऊन चाळीस मिनिटं. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलंस तर छोट्या ऑफिसचा शिक्का येतो. तीस वर्षं पोस्टात शिक्केच मारलेत मी, मला शेंडी लावू नकोस.

वहिनीला आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहे म्हणून ओरडते.
तुझी ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हा घे शिक्का. दम लागला नाही. सत्तर हाफ पँटी बाकी आहेत.
तुझा ठोंब्या

२ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

रविवार सोडला तर एक दिवस चुकला नाहीस. सगळ्या शिक्क्यांवर मोठं पोस्ट! शेजारणीला दाखवून दाखवून तिचा जीव नकोसा केला. रात्री झोपही लागते आता.

असाच चालत राहा.
ताई

११ ऑगस्ट

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

रागवायचं तर रागवा, पण आता लपवत नाही. कार्डं हे लिहायचे, टाकायला मी जायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, आजच्या दिवस जा, गिऱ्हाईक बसलंय. मग तेच रोजचं झालं. माझे गुडघे मोकळे झाले हो, पण ह्यांचं काय? काल कापडाचा तागा घेऊन माळ्यावर चढताना चौथ्या पायरीवर खाली बसले. ओठ पांढरे पडले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय अजून शाबूत आहे, पण रोज चालायलाच हवं. घरी आले आणि पुन्हा मशीनवर बसले. मला काही सुचत नाही.

तुम्हीच चार शब्द सांगा.
तुमची भावजय

१६ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

दोन महिने मी शिक्के बघत बसले, पाय कोणाचे ते विचारलंच नाही. मूर्ख मीच. आता ओरडत नाही, फक्त विचारते: का रे? चाळीस मिनिटं खरंच नव्हती?
ताई

२१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

होती. गिऱ्हाईक हे निमित्त. मीही दिवस मोजतोय गं, कापायच्या टेबलाखाली खडूनं रेघा मारतो. भीती वाटते. वाटेत काही झालं तर रस्त्यावर पडून राहीन, कोणाला कळणारही नाही. मशीनवर निदान घरात तरी आहे, असं वाटतं.
ठोंब्या

२५ ऑगस्ट

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

वेड्या, बाबाही घरातच होते. भरल्या दुकानात होते. एकटा जाऊ नकोस, वहिनीला घेऊन जा. तिला रस्ता पाठ आहे.

उत्तर तुझ्या पायांनी येऊ दे.
ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंचवीस दिवस झाले. पहिल्या दिवशी दोनदा बाकावर टेकलो. आता एकदाही टेकत नाही. ही मात्र पुढे निघून जाते आणि कोपऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभी राहते.

काल शेवटची रेघ मारली. रात्रभर मशीनकडे बघत बसलो होतो. सकाळी उठून खडू फेकून दिला. ताई, आज मी बाबांपेक्षा एका दिवसानं मोठा झालो.

लोभ आहेच, तो वाढवायला रोज चालत येतो.
तुझा ठोंब्या

ता. क. शिक्का बघ. आज एकटा आलोय.