आतली कडी

६ ऑगस्ट

वही काढली ती एवढ्याचसाठी, की ज्यांच्यापाशी रोज संध्याकाळी कुरकुरायचं त्यांचीच वाचा गेली आहे. ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन दीड महिना होत आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं — तिन्ही एकदम. समजतं सगळं. पण मी चिडून काही सांगावं आणि ह्यांनी वर्तमानपत्रामागून 'बरं, मग?' म्हणावं, ते संपलं. आता पानाला सांगायचं.

आजची तक्रार — चर्चची माणसं.

ह्यांनी तिथल्या गायकवृंदात आयुष्यभर खर्जात गायलं. मी शेवटच्या बाकावर बसायचे आणि उपदेश लांबला की घड्याळ बघायचे. तेव्हा ही माणसं ह्यांची, माझी नव्हेत. पण येतात माझ्या डोक्यावर. सकाळी एकजण सूप घेऊन, दुपारी दुसरी सूप घेऊन. फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा नाही. मी रुग्णालयाच्या भांडारात नोकरी केली, सही घेतल्याशिवाय कापसाचा बोळा बाहेर सोडला नाही. आणि इथे माझ्या ओट्यावर पातेलं एकाचं, झाकण भलत्याचंच!

९ ऑगस्ट

'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, तो मला हिरव्या कुरणात नेतो' — मेंढपाळाचं स्तोत्र. पुन्हा!

आजाऱ्यापुढे वाचायचं म्हटलं की प्रत्येकाला तेच सुचतं, आणि आधीचा काय वाचून गेला हे विचारण्याची पद्धत ह्या लोकांत नाही. सकाळी निवृत्त पोस्टमास्तरांनी वाचलं, दुपारी महिला मंडळाने, संध्याकाळी उपदेश करणाऱ्या पाळकसाहेबांनी. बिचारे हे दिवसातून तीनदा कुरणात जाऊन येतात.

मी पाळकसाहेबांना म्हटलं, स्तोत्रं दीडशे आहेत. ते म्हणाले, खरंय, पण हे सगळ्यांना फार आवडतं. ह्यांनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं भक्तीने. मला ते मिटणं ठाऊक आहे. माझी आत्या राहायला आली की हे अगदी असेच डोळे मिटायचे.

१२ ऑगस्ट

कहर झाला.

ह्यांचं अंग पुसत होते. अंगावर कपडा नाही. आणि दार ढकलून चर्चच्या ऑर्गनवाल्या बाई थेट पलंगापर्यंत! ह्या बाईंना मी मनात एक्सप्रेस म्हणते, कारण मधल्या स्टेशनावर थांबणं माहीत नाही. "अहो ताई, दार लोटलेलंच होतं, म्हटलं घंटा कशाला वाजवा, ते झोपले असतील, आज भोपळ्याचं केलंय —" असं म्हणत पातेलं हातात धरून उभ्या. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तोंड फिरवायचं होतं, तेही त्या बाजूला फिरेना.

शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवलं, बाजारात गेले आणि आतून लावायची जाड कडी आणली. माझ्या हाताने बसवली. चारही स्क्रू घट्ट.

१३ ऑगस्ट

घंटा वाजली. उघडलं नाही. पुन्हा वाजली. उघडलं नाही. छान.

१५ ऑगस्ट

उंबऱ्याबाहेर पातेलं. झाकणावर दगड, मांजराने तोंड घालू नये म्हणून. एक्सप्रेसचंच. अन्न टाकून देणं मला जमत नाही, म्हणून आत घेतलं. रात्री पातेलं घासून बाहेर ठेवलं, दगडासकट. आभार नाहीत, निरोप नाही.

बाकीचे यायचे थांबले. ही बाई नाही.

१७ ऑगस्ट

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात, नोकरी आणि दोन मुलं. येऊन राहणं शक्य नाही आणि मी म्हटलेलंही नाही. तिने एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं आहे. खाट रिकामी आहे, महिनाअखेरपर्यंत राखून ठेवतील.

"आई, बाबा तुला एकटीला उचलवत नाहीत."

मी म्हटलं, उचलवतात. ती म्हणाली, चर्चची मंडळी येत नाहीत का आता? मी नातवंडांच्या परीक्षेचं विचारलं.

खरं सांगायचं तर नाहीत उचलवत. काल खुर्चीतून पलंगावर घेताना कमरेत चमक भरली. पण ह्यांना तिकडे अनोळखी छताखाली ठेवलं तर हे डोळे मिटतील ते पुन्हा उघडायचे नाहीत. नुसतं शुश्रूषागृह म्हटलं तरी माझा हात सोडला नाही. डावा हात, पण पकड अजून चांगली आहे.

मी उचलीन.

२१ ऑगस्ट

आडवी पडून लिहिते आहे. अक्षर वाईट.

परवा रात्री कमर ठणकत होती, पातेलं घासून बाहेर ठेवायचं राहिलं. काल सकाळी ह्यांना कुशीवर वळवताना कमर धरली आणि मी फरशीवर. हलायचं म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे. फोन स्वयंपाकघरात. दाराला आतून कडी — माझीच.

तेवढ्यात पावलं वाजली. पातेल्याच्या वेळेला एक्सप्रेस. मला ओरडताही येईना, श्वास घेतला तरी पाठीत कळ. आयुष्यात पहिल्यांदा अगदी मनापासून प्रार्थना केली. शब्द फार नव्हते. ती बाई परत जाऊ नये, एवढंच.

बाहेरून हाक आली, "ताई?" मग काही नाही. मला वाटलं, गेली.

आणि ह्यांनी डाव्या हाताने मेजावरचा चमचा घेतला आणि पलंगाच्या लोखंडी दांड्यावर ठोकायला सुरुवात केली. ठण, ठण, ठण. थांबेचनात. घाम आला, चमचा वाकला, तरी ठोकताहेत.

"ऐकलं! मी माणूस घेऊन येते," बाहेरून आवाज.

माणूस म्हणजे सुतार. तोही गायकवृंदातलाच, ह्यांच्या शेजारी उभा राहणारा. दाराला हात जाईल एवढं भोक पाडून त्याने कडी काढली. ती निरखून म्हणाला, "पक्कं काम केलंय हो बाईंनी." दोघांनी मला उचललं. मग ह्यांना. कोणी एक शब्द लावून बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं.

तुम्ही थांबलात कशा, असं मी एक्सप्रेसला विचारलं. ती म्हणाली, "रात्रीचं पातेलं बाहेर नव्हतं. तुम्ही घासून ठेवायला विसराल? शक्य नाही."

डॉक्टर येईपर्यंत माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती तोंडातल्या तोंडात प्रार्थना करत होती. आवाज न करता! मी मध्ये बोलले नाही.

२४ ऑगस्ट

डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. त्यावर माझ्याच खोलीत, माझ्याच पलंगाभोवती, मला न विचारता मंडळींनी ठरवलं — सुतार आणि खर्जातला आणखी एक, सकाळ-संध्याकाळ येऊन ह्यांना उचलणार. मी म्हटलं, यायचंच तर नीट या. आधी घंटा. अंग पुसायच्या वेळी बायका नकोत. पातेल्याला झाकण त्याच पातेल्याचं. आणि मेंढपाळाला महिनाभर सुट्टी. सगळ्यांनी माना डोलावल्या.

संध्याकाळी पाळकसाहेब आले, बसले, पवित्र शास्त्र उघडलं. बोटांची सवय, मेंढपाळच निघाला! दोन ओळी वाचून झाल्या आणि ह्यांच्या पलंगावरून आवाज आला.

"पुरे."

स्पष्ट. खर्जात.

पाळकसाहेबांनी अगदी सावकाश शास्त्र मिटलं आणि म्हणाले, "आमेन." मी हसले. पाठीत कळ आली, तरी हसत राहिले. मग ते हसणं राहिलं नाही. एक्सप्रेसने रुमाल दिला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

२७ ऑगस्ट

लेकीला सांगितलं, खाट सोडून दे. तिने विचारलं, मग उचलणार कोण? म्हटलं, मंडळी. नाक ओढण्याचा आवाज आला. फोन ठेव म्हटलं.

३० ऑगस्ट

दाराच्या भोकावर सुताराने फळी बसवली. कडी परत लावू का, विचारलं. नको म्हटलं.

दिलं — घराची किल्ली, एक. ऑर्गनवाल्या बाईंना. सही घेतली नाही.