पडद्यामागची माणसं

मुळशी

ती. आईस नमस्कार,

मी नीट पोचलो, जेवण चांगलं आहे. तू गोळ्या घेतेस ना?

बाबांच्या तंबू टॉकीजवर बोलायला इथे शिबिरात सिनेमावाले आणि प्राध्यापक जमलेत. बाबा गेल्याबद्दल सगळे हळहळतात, पण नजर त्यांच्या टॉकीजच्या फोटोंच्या अल्बमवर. मी तो उशाखाली ठेवतो. जेवण वाढणाऱ्या लीलाबाई म्हणाल्या, "देऊ नका दादा. लई गोड बोलत्यात. आमच्या सासऱ्याचा फोटो असाच नेला, परत न्हाई आला."

आज इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "तंबूत पडद्यामागे बसून उलटा दिसणारा सिनेमा कोण बघायचं?"

"स्वस्त तिकीटवाले," मी म्हणालो.

"नक्की?"

मला राग आला. बाबांना जाऊन दोन महिनेही झाले नाहीत.

खोलीवर येऊन अल्बम उघडला. एका फोटोत पडद्यामागे आमचे सोनकांबळे गुरुजी बसलेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. गुरुजींना पगार होता, आई. पुढचं तिकीट त्यांना परवडलं असतं.

दारावर तिकिटं तूच फाडायचीस. त्यांना मागे कोणी पाठवलं? जात बघून?

फोनवर टॉकीजचं काही विचारलं की तू विषय बदलतेस, म्हणून लिहितोय. पुढच्या रविवारी मला सगळ्यांसमोर बोलायचं आहे. त्याआधी कळव. तोवर अल्बम कोणाला दाखवत नाही.

तुझा,
शैलेश